मामांनी शिकवलेली साक्ष

माझ्या मामांसमोर खोटं बोलून सुटलेला माणूस अख्ख्या अलिबाग तालुक्यात अजून जन्माला आलेला नाही. निदान मामांचं तरी असं ठाम मत आहे. सगळी नोकरी कोर्टात पट्टेवाला म्हणून दाराशी उभं राहून केल्यामुळे न्यायदानाचा निम्मा भार आपणच उचलला असं त्यांना वाटतं, आणि निवृत्त झाल्यावरही तो त्यांनी खाली ठेवलेला नाही. थळला पापलेट घ्यायला गेले तरी उलटतपासणी सुरू. कधी पकडलं, कुठं पकडलं, तेव्हा होडीत आणखी कोण होतं. एकदा कोळीण वैतागून म्हणाली, "दादा, मारलं मीच, कबूल हाय. आता घेता का?" कबुलीजबाबावर खूश होऊन मामांनी दोन जास्त घेतली आणि घरी येऊन मामीची बोलणी खाल्ली.

एवढा कायदेपंडित किहीममध्ये आमच्यापासून हाकेच्या अंतरावर राहत असताना माझी व्हिसाची मुलाखत दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार होती? खारं पाणी शिरून नापीक झालेली भातशेती पुन्हा कशी पिकवायची, हे शिकायला मला परदेशी जायचं होतं. प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीही मिळाली होती. सगळं अडलं होतं ते मुंबईच्या वकिलातीतल्या दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीवर. बाबांनी आपलं सहज मामांच्या कानावर घातलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मामांच्या पडवीत कोर्ट भरायला लागलं. मामा खुर्चीत, मी कठडा धरून उभी. त्यांचा मंत्र एकच. "इचारलं तेवढंच बोलायचं. जादा बोलतो तो साक्षीदार फसतो. या डोळ्यांनी बघितलंय मी." मी एक वाक्य जास्त बोलले की ते खुर्चीचा हात आपटायचे. मामी दारातून विचारायची, "आरोपीला चहा चालतो का?" महिनाभरात मी अशी काही तयार झाले, की आईनं "काय काय जेवलीस?" विचारलं तरी "भात" म्हणून गप्प बसायचे.

मुलाखतीच्या दिवशी मांडव्याहून लाँचनं गेलो. मामा इस्त्रीचा सफारी घालून वकिलातीच्या फाटकाबाहेर उभे राहिले. आत खिडकीपलीकडच्या बाईंनी हसून विचारलं, हाच विषय का निवडलास? म्हटलं, "आवड आहे." तुझ्या गावाला याचा उपयोग होईल? "हो." शिकून काय करणार? "काम." बाईंनी आणखी जरा वाट पाहिली. मी मामांचं स्मरण करून तोंड मिटून उभी. त्यांनी पासपोर्ट परत केला, आणि सोबत नकाराचा कागद दिला.

परतताना लाँचमध्ये मामा तो नकाराचा कागद उलटसुलट करून बघत बसले. मला वाटलं, आता खापर त्या बाईंवर फुटणार. पण दोन दिवसांत गावात "पोरगी नापास झाली" अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा हा माणूस पुन्हा तोच सफारी चढवून घरोघर गेला. ज्यानं जन्मात मामीपुढे कधी चूक कबूल केली नव्हती, तो लोकांच्या दारात उभा राहून सांगत होता, "पोर हुशार हाय. शिकवणारा चुकला. तो मी." प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा मला स्वतःचा वाटला नव्हता एवढा अभिमान त्या दिवशी मामांचा वाटला.

मग त्यांनी मला बोलावून घेतलं. खुर्ची मला दिली, स्वतः पायरीवर बसले. "आता तू बोल. मी मध्ये इचारणार न्हाय." मी बोलत सुटले. उधाणात बांध कसा फुटतो, माती मीठ कशी धरून बसते, ते मीठ धुऊन कसं काढायचं. मामांचं खाडीलगतचं शेत असंच गेलं होतं, पण त्याबद्दल ते कधी बोलायचे नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "आमचा बांध फुटला तेव्हा तुझ्या आईचं लगीन व्हायचं होतं." आणि पुन्हा ऐकत राहिले.

पुन्हा अर्ज केला, आणि दुसऱ्या मुलाखतीत मी इतकी बोलले, की खिडकीतल्या माणसालाच मला थांबवावं लागलं. व्हिसा मंजूर झाला. बाहेर येऊन सांगितलं तर मामांनी आधी तपास केला.

"शेवटी काय इचारलं?"

"शिकून झाल्यावर काय करणार."

"मग तू?"

"म्हटलं, मामांचं शेत परत भाताखाली आणणार."

मामा चालता चालता थांबले. "लेखी दिलंस?"

"नाही. तोंडीच."

त्यांनी चष्मा काढून सफारीच्या टोकाला पुसला. "तोंडी चालंल," म्हणाले.

आता माझं शिक्षण संपत आलंय. भाचीचं कौतुक सांगून सांगून मामांनी किहीमपासून अलिबागपर्यंत लोकांना हैराण केलंय म्हणे. इथे मला चांगली नोकरीही चालून आली आहे, आणि ते त्यांना आईकडून कळलंय. दर रविवारी त्यांचा फोन येतो. कधी येणार, हे ते विचारत नाहीत. उधाणाचं पाणी या खेपेला कुठवर आलं होतं, तेवढं सांगतात.