लोपेती बाहेर उभा राहिला

नुकुअलोफा या बेटावरच्या राजधानीत चर्चच्या सभागृहात भर दुपारी पडदे ओढले, तेव्हा म्हातारा लोपेती आमच्या रिवाजाप्रमाणे कमरेला मानाची नवी चटई गुंडाळून पहिल्या रांगेत बसला होता. चाळीस वर्षं त्यानं दुसऱ्यांचे सिनेमे काढले. कोळ्यांचे, वादळांचे, राजाच्या मिरवणुकीचे. आज त्याच्यावरच सिनेमा! नात लेसिएलीनं काढलेला. डोळ्यांचं आता काही खरं नव्हतं. नाताळापर्यंत दिसलं तर दिसलं, असं डॉक्टर म्हणाला होता. आणि खेळ हा एकच. म्हणजे बघायचा तो आजच.

दिवे मालवणार, एवढ्यात दारात थोरली बहीण लुसियाने उभी!

झाली पंचाईत. आमच्याकडे भाऊ-बहीण एका पडद्यापुढे बसत नाहीत. मान बहिणीचा, ती आली की भावानं मुकाट उठायचं. ऑकलंडला वाढलेल्या लेसिएलीनं दोघांनाही एकच वेळ सांगून ठेवली होती.

"आजोबा, बसा ना! कोण काय म्हणतंय?"

"तू गप. कॅमेरा शिकलीस, रीत नाही शिकलीस!" लोपेती खेकसला आणि काठी टेकत बाहेर गेला.

नीरफणसाखाली उभा राहून तो मनात धुमसत होता. जन्मात हिनं माझा एक सिनेमा पाहिला नाही. कौतुकाचा शब्द नाही. आणि आज बरोबर उगवली!

तेवढ्यात आतल्या कर्ण्यातून लुसियानेचाच आवाज आला. सिनेमात तिचीही मुलाखत आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"भावाचे सिनेमे? एकही नाही पाहिला बाई. दर वेळी नटूनथटून दारापर्यंत यायची, तर हा आपला पहिल्या रांगेत! मी आत गेले असते तर त्यालाच उठावं लागलं असतं. त्याच्याच सिनेमातून त्याला उठवू? यायची परत. एखादा दिवस घरी थांबला असता तर पाहिला असता. पण याला टाळ्या ऐकायच्या असत ना!"

सभागृह खदाखदा हसलं. लोपेती बोटांवर मोजू लागला. बावीस सिनेमे. बावीस वेळा ती दारातून परत गेली, आणि हा गावभर सांगत फिरला की बहिणीला किंमत नाही. त्याला स्वतःची शरम वाटली.

लेसिएली धावत आली. "आजोबा, आत चला. लुसियाने आजी म्हणतेय, तिचं बघून झालं."

"किती झालाय?"

"अर्धासुद्धा नाही."

"मग तिला सांग, शेवटपर्यंत बस. म्हातारा घरी गेला म्हणावं."

तो खरंच चालू लागला. वळणावर पाहतो तर पुढे छत्री धरून लुसियाने चाललेली. भावाला आत बसता यावं म्हणून मागच्या दारानं ती केव्हाच निघाली होती. सभागृहात टाळ्या पडत होत्या, आणि सिनेमा दोघांनीही धड पाहिला नव्हता.