काठीवर भाजलेलं पारणं

आधीच सांगून टाकते, भूत, भानामती, करणी, अंगात येणं यातलं मला काही म्हणजे काही पटत नाही. कुणी अंगारा घेऊन दारात आलं तर मी त्याला चहा पाजते आणि वाटेला लावते. तुमच्या सदरातले अनुभव वाचून तर मी सुनेला म्हणायची, "अगं, या लोकांना रात्री जड जेवायची सवय असणार, दुसरं काय!" परवा ती उलटली माझ्यावर. म्हणाली, "मग तुमचा तो माळावरचा अनुभव लिहून पाठवा की, बघूया लोक काय म्हणतात." म्हणून लिहितेय. यात रात्र नाही, स्मशान नाही, पांढरी साडी नाही. जे झालं ते उघड्या माळावर, दिवसाउजेडी झालं... आणि भांडण नेमकं त्या 'दिवसाउजेडी'वरच आहे.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. आमचं घर संकेश्वरच्या बाजूला, जैनांचं, तंबाखूची शेती. घरात आम्ही तिघं — मी, आमचे हे, म्हणजे भूपाल, आणि माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. पावसाळ्यात ह्यांना टायफॉईड झाला होता, मरता मरता वाचले. तेव्हा आत्यांनी बोलून ठेवलेलं — पोरगा उठून बसला की दोन दिवस निर्जळी उपवास करीन, तिसऱ्या दिवशी स्तवनिधीच्या डोंगरावर जाऊन देवाचं दर्शन घेईन आणि मगच पारणं, म्हणजे उपवास सोडीन.

आत्यांचा आणखी एक नेम होता. दिवस बुडाल्यावर अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. आमच्यात बरेच जण पाळतात, पण आत्यांचं पाळणं म्हणजे दगडावरची रेघ. बाळंतपणातसुद्धा मोडला नव्हता म्हणे.

थंडीचे दिवस होते. तिसऱ्या दिवशी पहाटे बैलगाडीनं निघालो. गाडी हाकायला रायाप्पा, आमच्या घरचाच म्हातारा गडी. तरुणपणी बेळगावच्या कॅम्पात गोऱ्या सोल्जरांचं सामान वाहिलेला, त्यामुळं जगातलं सगळं आपल्याला कळतं असा त्याचा समज. कणगल्याच्या पुढं तो म्हणाला, "सडक सोडून मधल्या वाटंनं जाऊया, दोन कोस वाचत्यात." वाचले हो! तासाभरात खड्ड्यात गाडीचा आख मोडला. चाक एकीकडं आणि आम्ही एकीकडं.

"सुताराला घेऊन आलोच," म्हणून हे मागं चालत गेले. तेव्हा नऊ वाजले होते. घड्याळ त्यांच्याच खिशात.

बारा झाले असतील, दोन झाले असतील, कुणाचा पत्ता नाही. आडवाट, त्यामुळं दुसरी गाडीही येईना. उन्हं कलल्यावर आत्या उभ्या राहिल्या आणि तिथंच कोसळल्या. मी तोंडावर पाणी मारलं. शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी काय केलं असेल? ओठ घट्ट मिटून घेतले. पाणी आत जाईल म्हणून! ओठ फुटून रक्त आलेलं, डोळे खोल गेलेले. मला रडूच आलं.

"आत्या, आता पुरे. तो बघा देवाचा डोंगर दिसतोय. इथनंच हात जोडा आणि पारणं करा."

"दर्शन न्हाय झालं गं अजून."

"आक्का, देवाला काय लांबचं दिसत न्हाय व्हय?" रायाप्पा म्हणाला.

त्यावर आत्या कशाबशा उठून बसल्या. मग डोंगराकडं तोंड करून तीनदा नमस्कार केला. "बरं. पण दिवस बुडायच्या आत. न्हाईतर मग उद्या सकाळी."

उद्या सकाळपर्यंत त्या राहतील याची मला खात्री वाटत नव्हती. खरंच नव्हती.

धावत जाऊन डबा उघडला. गुळाच्या पोळ्या केल्या होत्या मी. आणि डब्याचं झाकण — काय सांगू — मी नीट लावलंच नव्हतं. आत नुसत्या मुंग्या. मी झटकायला लागले तर आत्या झोपल्या झोपल्या म्हणाल्या, "राहू दे गं पद्मा. एक जरी मेली तर? ठेव तो डबा झाडाखाली. त्यांचं तरी पारणं होऊ दे." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

उरलं काय? धर्मशाळेत करायला म्हणून घेतलेली शेरभर कणीक, मीठ, तुपाची बुडकुली आणि गाळून घेतलेल्या पाण्याची कळशी. तवा नाही. जवळच एका धनगराचं पाल होतं. त्याची बायको बिचारी तवा घेऊन आली. "घासून देते की," म्हणाली. पण त्या तव्यावर मटण व्हायचं. आत्या म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नगं बाई, पण आज न्हाय." तिनं मग विस्तव दिला आणि मेंढरांमागं गेली.

तेव्हा रायाप्पानं अक्कल काढली. "गोरे सोल्जर शिकारीला जायाचे, तिथं तवा कुठला आलाय? कणकेची दोरी वळायची, काठीला गुंडाळायची आणि निखाऱ्यावर फिरवायची. लई झ्याक भाजती." असं म्हणून त्यानं स्वतःची काठी पुढं केली.

"बैलाला टोचलेल्या काठीवर माझं अन्न?" आत्या.

त्यानं आंब्याची हिरवी फांदी धरली. हिरवी काठी जळत नाही म्हणे, ती बरी.

"जित्या झाडाचं हाड मोडून मी उपास सोडू?"

वाळकी आणली तर तिला भोकं. आत किडा असला तर? ती गेली. रायाप्पा कावला. "आक्का, तुमच्या देवाला कसली काठी चालती ते एकदाचं सांगा की! दिवस चाललाय तिकडं!" शेवटी त्याच आंब्याखाली दोन-चार धड वाळक्या काठ्या मिळाल्या. मी कणीक मळली, सोलून पुसलेल्या काठीला वेढे घातले आणि विस्तवावर धरली.

पहिली काठी मधेच पेटली आणि कणकेसकट राखेत पडली. दुसरी पाण्यात भिजवून घेतली, ती वरून काळी, आतून कच्ची पिठूळ. आत्यांनी ती बघितली आणि मान फिरवली. रायाप्पा हात लांब करून, बोटं आडवी धरून सूर्य मोजत होता. "दोन बोटं उरली... दीड... वैनी, हात उचला." सूर्याची खालची कड डोंगराला टेकली तेव्हा मी तिसरी काठी धरली. खेड्यात वाढलेल्या कुणालाही विचारा, टेकलेला सूर्य दोन-तीन मिनिटांत जातो. काठीवरची कणीक भाजायला त्याच्या चौपट वेळ लागतो. मला कळत होतं की हे होणार नाही. तरी फिरवत राहिले. वर बघितलंच नाही. डोळ्यांतलं पाणी विस्तवात पडून चुर्र वाजत होतं.

हळूहळू तांबूस झाली. काडी खुपसून बघितली, कोरडी निघाली. काठीवरून ओढून काढली, पोकळीत तूप सोडलं, आत्यांच्या हातावर ठेवली आणि मग वर बघितलं.

सूर्य तिथंच होता. डोंगराला टेकलेला.

मला वाटलं, आज माझा हात भलताच झपाट्यानं चालला. आत्यांनी पाण्याचा घोट घेतला, एकेक तुकडा मोडून खाल्ला. दात नव्हते धड, वेळ लागला. मग लाजत म्हणाल्या, "अजून एक होईल का गं?" मी परत कणीक मळली, परत काठी भिजवली, वेढे घातले, भाजली. सगळं पहिल्यापासनं! माझी सावली समोरच्या एका पांढऱ्या दगडाला टेकली होती, ती त्याच दगडाला टेकून राहिली. रायाप्पानं बोटं केव्हाच खाली घेतली होती. तो हळूच म्हणाला, "वैनी, हे काय बरं न्हवं." मी म्हटलं, "गप बस. जेवू दे त्यांना."

दुसरीतली अर्धी आत्यांनी खाल्ली, अर्धी पानावर राहिली. चूळ भरली, हात जोडले. आणि मग सूर्य खाली गेला. रोज जातो तसाच, काही वेगळं नाही.

पाच मिनिटांत हे आले, बरोबर दिवसभर हिंडून दुसऱ्या गावाहून शोधून आणलेला सुतार. ह्यांच्या हातात पेटवलेला कंदील. मी म्हटलं, "कंदील कशाला? अजून उजेड आहे की."

हे माझ्याकडं बघतच राहिले. "दिवस बुडून अर्धा तास होऊन गेला. ओढ्याजवळ होतो आम्ही. आईचं पारणं राहिलं म्हणून मुद्दाम घड्याळ बघितलं, सहा वाजून पाच मिनिटं. आता पावणेसात होत आले."

"व्हय की," सुतार म्हणाला. "अंधारात दोनदा ठेचकाळलो मी. ह्या चढावर आलो तर उजेड! मला वाटलं वणवाच लागला."

मी हसण्यावारी नेणार होते. पण आत्या उठून बसल्या होत्या.

"भूपाल, मग मी दिवसा जेवले का रातच्याला?"

रायाप्पा म्हणाला, "आक्का, बैलाची आण, सूर्व्या हुता! मी बोटानं मोजलाय."

"तू गप. तुला माझी कीव आलीया." त्या ह्यांच्याकडंच बघत होत्या. "तू माझ्याशी कधी खोटं बोलला न्हाईस. रातच्याला जेवले असंन तर सांग. मी आतापास्नं परत तीन दिवस धरते."

तीन दिवस! त्या बाईत तीन तासांचा जीव नव्हता. मी ह्यांच्याकडं बघून डोळ्यांनी विनवत होते आणि मनात म्हणत होते, हा माणूस खरंच बोलणार, ह्याला दुसरं येतच नाही.

ह्यांनी आईच्या फुटलेल्या ओठांकडं बघितलं. कंदील खाली ठेवला, फुंकून विझवला. हात धुतले. आईच्या समोर मांडी घालून बसले आणि पानावरची ती अर्धी पोळी उचलून खायला लागले. कळायला लागल्यापासून ज्यानं दिवेलागणीनंतर घोटभर पाणी घेतलं नव्हतं, तो माणूस! टायफॉईडच्या तापातसुद्धा रात्रीचं औषध घेतलं नव्हतं.

"दिवसच हाय आई," घास चावत म्हणाले. "माझं घड्याळ पुढं पळतंय."

शेवटचा घास गिळेपर्यंत आत्या बघत राहिल्या. मग "बरं बाबा" म्हणून तिथंच आडव्या झाल्या आणि लहान पोरासारख्या झोपल्या. पुढं दहा-बारा वर्षं जगल्या.

दुसऱ्या दिवशी स्तवनिधीत मी ते घड्याळ घेऊन पश्चिमेकडं तोंड करून बसले. सूर्य सहा वाजून पाच मिनिटांनीच गेला. घड्याळ ठीक होतं. माझा मुलगा सायन्स शिकवतो. तो म्हणतो, उंचावर सूर्य थोडा उशिरा मावळतो. थोडा म्हणजे किती, तर एक-दोन मिनिटं. बरं, सरकारनं घड्याळं तासभर पुढं केली ती लढाईत, त्यानंतर. भास म्हणावा तर तिघांना एकच, आणि सुताराला लांबून दिसलेला उजेड कुठला? कुठलंच लॉजिक बसत नाही. मी खूप बसवून बघितलं.

त्या दुसऱ्या दिवशी ह्यांनी पोट बिघडलंय म्हणून पाणीसुद्धा घेतलं नाही. मग दर वर्षी त्या तिथीला ह्यांचं पोट बिघडायला लागलं. आत्या गेल्या त्या वर्षी मी विचारलंच, "खोटं बोलला होता ना त्या दिवशी?"

"तुला सूर्य दिसला होता?"

"दिसला होता."

"आईला?"

"हो."

"मग आईचं पारणं दिवसाच झालं, त्यात खोटं काय? मी मात्र रात्री जेवलो."

एवढंच बोलून ते बाहेर गेले. घड्याळाप्रमाणं दिवस केव्हाच बुडालेला असताना, एकाच माळावर, एका पोळीचा अर्धा भाग दिवसा आणि अर्धा रात्री कसा खाल्ला गेला, हे मला आजही सांगता येत नाही. त्या वर्षापासून त्या तिथीला मीही त्यांच्याबरोबर उपास धरायला लागले.