मंगळ्याचा खांदा

रंगुबाई म्हंजे माझी धाकटी जाऊ. सोनईत आमची दोन घरं शेजारी, मधी एकच गोठा. बाई कामाला वाघीन, पन हातात एक काम आन डोक्यात म्होरचं. आधी तशी नव्हती, म्हनून तर माझा जीव जळतो.

पोळ्याला ती मातीचे बैल करायची. घरोघर ट्रॅक्टर आले, दावनी मोकळ्या झाल्या, आन पूजेला मातीचे बैल लागायला लागले. बाजारातले बैल सगळे एका तोंडाचे. रंगूचं तसं न्हाई. ज्या घरानं जो बैल इकला, तोच ती करून द्यायची. छगन मामांचा बैल मान तिरकी करून उभा ऱ्हायचा. तसाच मातीत बघितला आन म्हातारा त्याला नावानं हाक मारून बसला. करताना तिच्या शेजारी चहाचं पानी व्हायचं. हाका मारून माझा घसा सुकायचा. मी म्हनायचे, बहिरी झालीस का गं भवाने? ती नुसती हसायची.

मंग तिच्या लेकानं, अमृतनं, मोबाईलवर फोटू टाकले. नगरच्या दुकानातून मागनी आली. हातानं कवा पुरं व्हनार, म्हनून त्यानं साचा आनला. माती दाब, बैल काढ, वाळव, रंगव. एक बैल सुकायच्या आत हिचं ध्यान दुसऱ्यात. बारा महिने तेच.

दावनीला त्यांचा एकच बैल उरला हुता, मंगळ्या. रंगूच्या मालकांनी, कानिफनाथ भावजींनी, त्याला काय इकला न्हाई. दर पोळ्याला ते म्हनायचे, एकदा याचा बैल कर, समोर उभा हाय तवर. ती म्हनायची, एवढी मागनी हातावेगळी करते, मंग निवांत बसते, तो कुटं पळून चाललाय? बैलांची पाटी डोक्यावर घेऊन रोज त्याच्याच म्होरून जायची. तो मान वळवून बघायचा. ही आपली रंगाच्या डब्यात. मी बोलले, न्हाई असं न्हाई. पन माझं कोन ऐकतंय?

औंदा उन्हाळ्यात मंगळ्या बसला तो उठलाच न्हाई. बांधावरच्या लिंबाखाली त्याला पुरला. भावजींच्या घशाखाली घास उतरंना.

पोळ्याच्या आदल्या दिशी खांदेमळनी असती. जू वाहून बैलाच्या खांद्याला घट्टा पडतो, तो लोनी-हळद लावून मळायचा. भावजी सकाळीच वाटी घेऊन रिकाम्या दावनीपाशी बसले. रंगूला म्हनाले, आज तरी कर.

तिनं दुकानाचे बैल बाजूला सारले. लिंबाखालची काळी माती आनली, मळली, बसली. मला लई बरं वाटलं. म्हनलं, आज आपली जुनी रंगू दिसंल.

हात सरसर चालले. वशिंड, शेपूट, शिंगं, सगळं झाक. पन नीट निरखून बघितलं. साच्यातनं काढल्यावानी बैल. तिलाबी कळलं. मोडला, पुन्हा मळला, पुन्हा केला. पुन्हा तोच.

शेवटी भावजींनी तो ओला बैल हातात घेतला. लोन्याचं बोट खांद्यावरून फिरवलं. पुन्हा फिरवलं. हुडकत हुते.

"रंगू, घट्टा कुटाय याचा?"

ती अंगठा टेकवायला गेली आन थांबली. घट्टा केवढा, वशिंडापासनं किती लांब, तिला आठवंना. दरसाली तिनंच तर तो मळला हुता! साऱ्या गावाचे गेलेले बैल जिच्या बोटात, तिला घरचा सापडंना.

"आक्का," ती मला म्हनाली, "तो हितं हुता, तवा मी कुटं हुते गं?"

माझी जीभ तिखट, सारी सोनई सांगंल. पन तवा मला रडूच आलं.

भावजींनी बैल दावनीत ठेवला आन त्या सपाट खांद्याला लोनी-हळद चोळाय लागले, त्याला दुखंल म्हनून हळूहळू. ओली माती बोटाखाली खचत गेली. दुकानाचा फोन वाजत ऱ्हायला. रंगू उठली न्हाई. तो खांदा इरस्तोवर बघत बसली.