शेजारच्या संताचा नैवेद्य

सासरे गेल्यावर सासूबाईंना आम्ही इंग्लंडमध्ये वॉटफर्डला आणलं ते कायमचं, असं आम्ही धरून चाललो होतो. त्या मात्र पाहुण्या म्हणून आल्या होत्या. दिवाळीच्या आत मला पुण्याला पोचवा, हे त्यांचं पालुपद. पुण्यात त्यांचं आता कोणी उरलं नव्हतं, पण इथे तरी काय होतं? आम्ही दोघं हॉस्पिटलच्या ड्यूटीवर, नात शाळेत. मला त्या जायला नको होत्या, आणि तेही सोयीसाठी नव्हे. घरात शिरल्या शिरल्या 'जेवलीस का' असं विचारणारं कोणीतरी होतं, त्याची मला चटक लागली होती.

त्यांची गट्टी जमली ती एकाशीच, तीही कुंपणावरून. शेजारी सायप्रसचे ग्रीक आजोबा राहायचे, विधुर. ते वेलीची कोवळी द्राक्षपानं खुडून त्यात भात भरायचे. सासूबाईंनी ते पाहिलं आणि अळूवड्यांची बशी पलीकडे गेली. त्यानंतर ती बशी कधी रिकामी हिंडली नाही. ते ग्रीकमध्ये बोलायचे, ह्या मराठीत, आणि दोघांचं व्यवस्थित चालायचं. गणपतीत मोदक देताना सासूबाईंनी हातवारे करून प्रसाद म्हणजे काय तेही त्यांना समजावलं: आधी देवाला दाखवायचं, मग देवाकडून आपल्याला परत.

ऑक्टोबरात आजोबांच्या मुलीनं निरोप दिला की शनिवारी वडिलांचा नामदिन आहे, सगळे या. त्यांच्यात वाढदिवसाचं फारसं कौतुक नाही. ज्या संताचं नाव ठेवलेलं असतं त्याच्या दिवशी घर उघडं, येईल त्याला गोडधोड. आजोबांचा संत डायोनिसियस. सासूबाईंनी लगेच चौकशी केली की ह्या देवाला काय लागतं. आमच्या कन्येचा ग्रीक देवांवरचा प्रोजेक्ट शाळेत नुकताच झाला होता.

"आजी, तो वाइनचा गॉड आहे," ती म्हणाली. "मी त्याचं ड्रॉइंग पण काढलं."

आम्हा दोघा डॉक्टरांनाही ते पटलं. घरात दारूचं नाव काढलं तरी सासूबाई पदर नाकाला लावत, त्यामुळे आता बेत बारगळणार असंच मला वाटलं. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "देवाला जे चालतं ते द्यावं. आमच्या गावच्या म्हसोबाला बोकड लागायचा. आम्ही खात नसू, पण दिला नाही असं कधी झालं नाही." आणि मुलाला बाटली आणायला पिटाळलं.

नवरा गॅरेजमध्ये गेला आणि लगेच बाटली घेऊन परत आला. रंगाच्या डब्यांमागे त्याचा साठा होता. दुकान फारच जवळ आहे की रे, एवढंच सासूबाई बोलल्या. त्याचे कान लाल झाले.

शेजारच्या दिवाणखान्यात संताची तसबीर होती, पुढे दिवा, आणि पाहुण्यांच्या हातात कॉफी नि बदामाची बिस्किटं. सासूबाईंनी चपला काढल्या, तसबिरीपुढे पाण्याचं मंडल केलं, त्यावर बाटली ठेवली आणि डोळे मिटून नैवेद्य दाखवला. आजोबांची मुलगी मला बाजूला घेऊन कुजबुजली की बाबांचं पिणं मोठ्या कष्टानं सुटलंय, घरात बाटली नको म्हणूनच आज नुसती कॉफी आहे.

माझ्याशी आजोबा मोडक्या इंग्रजीत बोलायचे. त्यांनी सांगितलं की नाव सारखं असलं तरी हे दोघे वेगळे. वाइनचा तो जुना देव, डायोनिसस. हा अथेन्समधला न्यायाधीश. कोणी परका माणूस गावात येऊन नव्या देवाबद्दल बोलू लागला, तेव्हा पुष्कळ लोक हसले आणि हा ऐकत थांबला.

मी सासूबाईंना सगळं सांगितलं, मुलीनं सांगितलेलंही. त्यांचा चेहरा पार उतरला.

"त्यांच्या घरात मी विष आणलं गं," त्या म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याला सांग, सोमवारी पुण्याचं तिकीट पक्कं कर."

हे एवढं एक माणूस त्यांनी परदेशात जोडलं होतं, आणि आता त्याच्यासमोर त्या कधी उभ्या राहणार नव्हत्या.

आजोबा खुर्चीतून उठले. बाटली उचलून त्यांनी तसबिरीसमोर धरली, छातीवर क्रुसाची खूण केली आणि ती दोन्ही हातांनी सासूबाईंपुढे केली.

"प्रसाद," ते म्हणाले.

त्यांना येत असलेला एकुलता एक मराठी शब्द. सासूबाईंनी सवयीनं बाटली घेतली आणि कपाळाला लावली.

घरी आल्यावर पंचाईत झाली. प्रसाद नाकारता येत नाही आणि ओतूनही टाकता येत नाही. नवरा मोठ्या उदारपणे म्हणाला की मी संपवतो, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. सासूबाई देवघरापुढे बसल्या आणि तीर्थासाठी करतात तसा उजवा तळहात त्यांनी पुढे केला. मी पळी उचलली तर देवाची पळी नको, चहाचा चमचा घे म्हणाल्या. चमचाभर वाइन त्यांनी डोळे मिटून घेतली, हात डोक्यावरून फिरवला आणि कारल्याचा रस प्यायल्यासारखं तोंड केलं.

"आंबट आहे," त्या म्हणाल्या. "न्यायाधीशाला पुढच्या वर्षी आपण खीर नेऊ."

नवरा तिकिटाचं काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. मी त्याच्या पायावर पाय दिला.