डाव्या खिशातले एकवीस चिंचोके

वहिनींचा फोन सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आला. "भाऊजी, नाना गेले," एवढंच त्या म्हणाल्या. आमची शेवटची पायपीट होऊन त्या दिवशी बरोबर अठरा दिवस झाले होते.

नाना माझे चुलतभाऊ, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. राजपुऱ्यात आमची घरं चार दारं सोडून. शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं चांदनीला उतरायचो, सातपुड्यात मोठा वळसा घालायचो आणि संध्याकाळी त्याच स्टेशनावर परत यायचो. चौदा वर्षांत एकदाही खंड नाही. अर्धी वाट कमरेएवढ्या पिवळ्या गवतातून, जवळजवळ सपाट. मग एक अंजनाचं झाड, आणि तिथून पुढं डोंगराची धार चढून पलीकडं उतार.

पावलं मोजायची पद्धत नानांचीच. निघताना डाव्या खिशात चाळीस चिंचोके. हजार पावलं झाली की एक उजव्या खिशात टाकायचा. मधे बोललं की मोजणी चुकते, म्हणून बोलणं फक्त चिंचोका सरकवताना, दर हजाराला दोन-चार वाक्यं. सगळ्या संसाराच्या गोष्टी आम्ही अशा तुकड्यातुकड्यांनी बोललो. स्टेशनाच्या बाकावर बसून आकडे सांगायचे. मी उंच, माझे चौतीस व्हायचे. नाना ठेंगणे, त्यांचे अडतीस. "चार हजार पावलं तुझ्याहून जास्त चालतो," ते म्हणायचे, "आणि वरून चहा पण मीच आणायचा?"

यंदा अंजनाखाली बसलो तेव्हा त्यांनी कळण्याची भाकरी अर्धीच खाल्ली. पाणी प्यायले. थोड्या वेळानं म्हणाले, "दिनकर, यंदा इथूनच वापस फिरू का?"

मी खिसा चाचपला. सतरा झाले होते. "नाना, बरोबर अर्धं झालंय. मागं गेलं काय, पुढं गेलं काय, अंतर तेवढंच."

ते हसले. "मास्तर मी होतो की तू?" आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

अंतर खरंच तेवढंच होतं. पण मागची वाट सपाट होती आणि पुढं चढ होता, हे मी धरलंच नाही... धारेवर नाना चार वेळा थांबले. प्रत्येक वेळी हात खिशात होता, म्हणून मला वाटलं चिंचोका सरकवतायत. वळून चेहरा पाहिला असता तर कळलं असतं. मी माझी पावलं मोजत होतो.

बाकावर बसल्यावर त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "तुझे किती?"

"चौतीस."

"माझे पण चौतीस."

"असं कसं, नाना?"

"म्हातारपणी पाय लांब झाले माझे, और क्या."

मला आनंद झाला. चौदा वर्षांत पहिल्यांदा आकडे जुळले होते. गॅसची टाकी वजन केल्याशिवाय मी घरात घेत नाही. पण हा आकडा मी तसाच मानला.

तेराव्यानंतर आठवड्याभरानं वहिनींनी नानांचा खाकी कोट मला दिला. तो ते फक्त चांदनीच्या दिवशी घालायचे. खिशात हात घातला तर चिंचोके. उजव्यात एकोणीस, डाव्यात एकवीस. अडतिसाचे निम्मे एकोणीस. म्हणजे अंजनाच्या झाडापासून पुढं नानांनी मोजलंच नव्हतं. नुसते चालत होते.

वहिनींना मी सगळं सांगितलं. नानांनी वापस फिरू या म्हटलं होतं आणि मी नाही म्हणालो, तेही. त्यांनी कोटाची कॉलर सरळ केली. मग म्हणाल्या, "घरी आले तेव्हा छातीत दुखतंय म्हणत होते. मी म्हटलं, दवाखान्यात चला, भाऊजींना बोलावते. तर म्हणे, दिनकरला सांगू नको, पुढच्या वर्षी नेणार नाही तो."

डॉक्टर म्हणतात, हे कधीही, घरी बसूनही झालं असतं. असेल. पण त्या झाडाखाली त्यांनी एकदाच विचारलं होतं, आणि मी उत्तर खिसा चाचपून दिलं...

कोट आता माझ्या खोलीत दारामागच्या खुंटीला आहे. खिसे रिकामे केलेले नाहीत. एखाद्या रविवारी सकाळी काढतो, मोजतो, ज्या खिशातले त्याच खिशात परत ठेवतो. एकोणीस आणि एकवीस. बेरीज दर वेळी चाळीसच येते.