मूळ नसलेली अळंबी

काकूंनी पडवीत गोणपाट अंथरून टोपली रिकामी केली आणि त्यातली सात-आठ अळंबी मला वेगळी वाटली. सकाळचे नऊ वाजले होते.

काकूंची वाडी पोलादपूरच्या बाहेर, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. तीन पावसाळे मी त्यांच्यामागे रानात हिंडते, अळंबीच्या छत्र्यांचे फोटो काढते, वहीत टिपणं करते. माझी शाळा महाडची, इंग्रजी माध्यमाची. त्यामुळे माझ्याकडे पुस्तकातली लांबलचक नावं होती आणि काकूंकडे जागा होत्या. वारुळाची अळंबी दर पावसाळ्यात त्याच ठिकाणी उगवते. प्रत्येक घराची जागा ठरलेली, आणि ती सख्ख्या जावेलाही कोणी दाखवत नाही. त्या जागेवर जे उगवेल ते काकू डोळे मिटून उपटायच्या. पारख जागेची, अळंबीची नव्हे.

गेल्या वर्षी मी एकदा शंका काढली होती. माझ्या शब्दावर काकूंनी अख्खी टोपली उकिरड्यावर ओतली आणि संध्याकाळी फोटो ताडून पाहिल्यावर मला कळलं की ती चांगलीच होती. तेव्हापासून वाडीत माझं नाव ‘इंग्लिश बाय’. त्यानंतर महिनाभर मी तिकडे फिरकले नव्हते.

गोणपाटावर बहुतेक अळंबींना मातीने माखलेली लांब मुळं होती, वारुळाच्या पोटात जाणारी. त्या सात-आठांना मूळच नव्हतं. बुडाशी कांद्यासारखी गोल गाठ, देठावर बांगडीसारखं पातळ कडं. छत्रीच्या मधोमध टोक असतं, तेही नाही.

“ही पण तिथलीच, काकू?” मी विचारलं.

“मग काय बाजारातली? बांधावरचीच हायत. यंदा हातभर खाली सरकलीत.”

तेवढ्यात शेजारच्या घरातून त्यांची जाऊ आली. पहिल्या अळंबीचा वाटा शेजारी द्यायचाच. काकूंनी सागाच्या पानात पुडी बांधली. त्यात काय काय गेलं ते मी पाहत होते. कडं असलेली दोन तरी गेली.

“इंग्लिश बाय, खाऊ का गो मी?” जाऊ हसत म्हणाली.

मी पण हसले. लावणीचे दिवस होते. ती शेतावरून संध्याकाळीच परतेल आणि मगच चूल पेटवेल, असं मी मनाशी धरलं. तोवर मला खात्री करून घेता येणार होती.

फोटोला हवी म्हणून मी एक कडंवाली मागून घेतली. देठ कापून छत्री पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली, वर काचेचा पेला झाकला. छत्रीखालच्या बारीक पट्ट्यांतून पिठासारखी पूड झडते आणि कागदावर तिचा ठसा उठतो. वारुळाच्या अळंबीचा ठसा फिका गुलाबी येतो. हिरवट आला तर ती विषारी. पण त्याला तीन-चार तास लागतात.

काकूंचा मुलगा चार वर्षांच्या मुलीला घेऊन मुंबईहून आला होता. मुलगी माझ्याजवळ बसून पेल्यात डोकावत राहिली. काकू आत अळंबी धूत होत्या, मग चिरायला बसल्या. दर थोड्या वेळाने मी पेला उचलायला हात पुढे करत होते आणि मागे घेत होते. अर्धवट ठसा पाहून पुन्हा चुकीचं बोलले असते तर?

बारा वाजता आतून फोडणीचा वास आला. मी पेला आणि छत्री उचलली. कागदावर फिकट हिरव्या रेषांचं चाक होतं.

“काकू, कढईत टाकू नका,” मी दारातून म्हणाले.

“काय झालं आता? हळदीच्या पाण्यात ठेवलीत, काळी नाय पडली.”

“हळदीने विष कळत नाही. हा रंग बघा.”

काकू कागदाकडे बघत राहिल्या. मुलगा मागून म्हणाला, “आई, त्या बांधाखाली मे महिन्यात रस्त्याच्या कामाची माती टाकलीय. ढीग पडलाय नुसता. ही त्या ढिगावरची असतील.”

काकूंनी गॅस बंद केला. चिरलेल्यात आता चांगलं-वाईट वेगळं निघणार नव्हतं. सगळं एका पिशवीत भरून त्यांनी तोंड बांधलं आणि मग आम्हा दोघींनाही एकदमच पुडी आठवली. म्हणजे त्यांना आठवली. मी ती विसरलेच नव्हते.

जाऊ लावणीला गेलीच नव्हती. कंबर धरली म्हणून घरी राहिली होती आणि दहा वाजताच भाकरीबरोबर खाऊन बसली होती. आम्ही पोचलो तेव्हा मोरीत वाकून ओकत होती, तिसऱ्यांदा. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत तिचे हात गार पडले. डॉक्टरांपुढे मी ठशाचा कागद आणि फोटो ठेवले, न अडखळता सगळं सांगितलं. सलाईन लागलं. रात्रभर जुलाब होत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती उशीला टेकून बसली होती. ओठ सुकलेले.

“तुला कवा कळलं गो?” तिने विचारलं.

‘बारा वाजता’ असं म्हणाले असते तर ते खोटं ठरलं नसतं. ठसा बाराला दिसला.

“नऊ वाजता,” मी म्हणाले. “पुडी बांधताना.”

“मी इचारलं होतं तुला,” ती म्हणाली आणि पाणी मागितलं. मी पेला भरून तिच्या हातात दिला.