आधी बोलणाऱ्याचे एक्के

रुमालवाले भाऊ भाव कधी तोंडाने सांगत नसत. बैलबाजारात चाळीस वर्षं त्यांनी दलाली केली ती रुमालाखाली. घेणाऱ्याचा हात आपल्या हातात धरायचा, वरून रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. वर चेहऱ्यावरची माशीही हलत नसे. समोरचा गप्प बसला की ते त्याच्याहून गप्प बसत. "चूप बसला म्हणजे त्याच्या मनात काहीतरी हाय," असं ते सांगायचे, आणि मी ते पाठ करून ठेवलं होतं.

मी किन्हीराजा गावचा. जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा मी शून्यातून उभा केला, कुणाचं पाच पैशाचं देणं नाही. माझ्या ट्रॅक्टरांनी भाऊंचा बैलबाजार बुडवला, तरी रोज सकाळी ते माझ्याच दुकानात चहाला येत. "तुह्या ह्या लोखंडी डब्यात जीव नाही रे," म्हणत आणि दुसरा कप मागत.

फोनवरचा पोकर आमच्या दोघांत आधी त्यांनाच आला. खोट्या चिप्सचं टेबल, पैशाचा संबंध नाही. मला दोन एक्के आले की माझे कान तापायचे. त्यातून बोलायची, म्हणजे चाल करायची, पाळी आधी माझी असली की झालंच. मी चिप्स लोटायचो, मागून बोलणारा माझी चाल बघून ठरवायचा. 'नांगऱ्या' नावाचा एक गडी तर प्रत्येक डावात चिप्स वाढवायचा. कधी मी घाबरून चांगले पत्ते टाकून द्यायचो, कधी चिडून सगळंच घालवायचो.

सकाळी चहाला आले की भाऊ शेजारी बसून समजावायचे. "एक्के हायेत ना? मंग टेबलावरचे पत्ते उघडायच्या आधी दाबून वाढव, तिथं भेऊ नको. उघडल्यावर चिप्स लावू नको, चेक म्हन अन् चूप राय. त्याले चिप्स मारायची खोड हाय, तो मारतेच. तुले काहून घाई सुटते?"

"तो मले डिवचते भाऊ!"

"तो पत्ते खेळून राह्यला. डिवचून तू घेतं."

एका दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीवर फोन घेऊन बसले होते. पडद्यावर खालच्या कोपऱ्यात, जिथे आपलं स्वतःचं नाव असतं तिथे, 'नांगऱ्या' लिहिलं होतं.

मी ओरडलो. सारी गल्ली जमा झाली. "इतके महिने माह्याच शेजारी बसून मले शिकवता अन् घरी येऊन मलेच कापता?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "दुसऱ्या कोनाले सापडशील त्याच्यापेक्षा मले सापडलेला बरा."

"माह्या दुकानाची पायरी चढू नका पुन्हा."

ते खरंच आले नाहीत. आमच्या घरांमध्ये दोन गल्ल्या होत्या आणि मी चार महिने त्या गल्ल्यांनी गेलो नाही. टेबलावर मात्र नांगऱ्या रोज यायचा. मीही जायचो. त्याला हरवल्याशिवाय मला सोडायचं नव्हतं.

मग एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मला दोन एक्के आले, पाळी आधी माझी. मी वाढवलं. त्याने लगेच आणखी वाढवलं. मी पुन्हा दाबून वाढवलं. त्यानेही तेवढ्याच चिप्स लावल्या. टेबलावर तीन पत्ते उघडले. मी चेक म्हटलं आणि गप्प बसलो, अगदी शिकवल्यासारखा. त्याच्या पाळीचं घड्याळ शेवटापर्यंत चाललं, मग चेक पडलं. चौथा पत्ता. मी चेक. पुन्हा पूर्ण घड्याळ, पुन्हा चेक. म्हातारा जाळं लावतोय, मला वाटलं. तो न मारता थांबला असं कधी झालंच नव्हतं. पाचव्या पत्त्यावर मी हळूच चिप्स लावल्या. घड्याळ संपलं, त्याचे पत्ते पडले, डाव माझा झाला. मी दुकानात एकटाच मोठ्याने हसलो. दुकानातल्या गड्याला भजी आणायला पाठवलं.

खेळणारा वेळेत बोलला नाही तर ॲप आपोआप चेक करतं, आणि समोरच्याने चिप्स लावल्या असल्या तर त्याचे पत्ते टाकून देतं. हे मला माहीत होतं. आठवलं मात्र नाही.

त्यांची सून त्याच दुपारी तीनला शेतातून परतली तेव्हा भाऊ ओसरीवर आडवे होते, डोळे उघडे, उजवी बाजू गेलेली. वाशिमला नेलं. दुसऱ्या दिवशी गेले. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर काही करता आलं असतं.

मला अजून त्यांचा राग येतो. फसवलं म्हणून नाही. असलं गप्प बसणं मला शिकवलं म्हणून. भर दुपारी गिऱ्हाईक समोर विचार करत थांबलं की मी आपणहून भाव उतरवतो. लोकांना वाटतं, मी सुधारलो.

तेराव्या दिवशी सून फोन घेऊन माझ्याकडे आली. टेबलावरचं माझं नाव तिने ओळखलं होतं.

"तुमी खेळून राह्यले होते ना त्यांच्यासंग?" तिने विचारलं. "काही बोलले का ते?"

"नाही," मी म्हणालो.

बोलायची पाळी आधी माझी होती, हे मी तिला सांगितलं नाही.